पहिल्यांदा रक्त द्यायचंय? कोकणातल्या घरांसाठी पायरीपायरीने

माझ्या वहिनीचं बाळंतपण ऐन जुलैत झालं. बाळ सुखरूप झालं, आणि अर्ध्या तासाने वहिनीला रक्तस्राव सुरू झाला तो थांबेचना. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रक्त लागणार आहे, माणसं बोलवा. दादाने गावात फोन लावले. पाऊस असा की अंगणातला माड दिसत नव्हता. वाडीतले चौघे मिळेल त्या गाडीत बसून निघाले, पोहोचेपर्यंत दीड तास गेला. त्यातल्या एकाची संकष्टी होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. एकाने आदल्या रात्री घेतली होती. एकाचं वजन भरलं 43 किलो. उरलेल्या एकाचं रक्त घेतलं, पण ते तपासून वापरात यायला आणखी काही तास लागणार होते.

वहिनी वाचली ती रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये आधीपासून असलेल्या तीन पिशव्यांवर. कोणी दिलं होतं ते रक्त, ते आम्हाला कधीच कळणार नाही. कदाचित मालवणच्या एखाद्या कॉलेजातल्या पोराने दिलं असेल, कदाचित कणकवलीच्या कुणा दुकानदाराने. दोन-तीन आठवड्यांपूर्वी, वहिनीचं नावही माहीत नसताना.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगत आले आहे. फोन आल्यावर धावणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यात कोकणी माणूस कमी पडत नाही. पण आपल्याकडचं अंतर, घाट आणि पाऊस बघता, उपयोगी पडतं ते गरज पडायच्या आधी दिलेलं रक्त. म्हणून हे लिहिते आहे, ज्यांनी अजून एकदाही दिलेलं नाही त्यांच्यासाठी.

आधीच का द्यायचं

रक्त कारखान्यात तयार होत नाही, माणसाकडूनच घ्यावं लागतं. आणि घेतलं की लगेच चढवता येत नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी करावी लागते, तसा कायदाच आहे. मग गट तपासणं, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघणं. हे सगळं होईपर्यंत रक्त वाहत असलेला माणूस थांबू शकत नाही.

दुसरीकडे, साठवून ठेवायलाही मर्यादा आहे. तुमची एक पिशवी यंत्रात फिरवून तिचे तीन भाग करता येतात. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवल्या तर 35 ते 42 दिवस टिकतात. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, फक्त पाच दिवस टिकतात, त्याही फ्रीजमध्ये न ठेवता 20 ते 24 अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गोठवला तर वर्षभर राहतो. म्हणजे 26 जानेवारीला दिलेलं रक्त मे महिन्यातल्या अपघाताला पुरत नाही. कुणीतरी मार्चात द्यावं लागतं, कुणीतरी एप्रिलात.

आणि आपल्याकडे नेमकं एप्रिल-मेमध्ये कोणाला सवड नसते. बागायतदार आंब्याच्या काढणीत, पेट्या भरण्यात, कॉलेजं बंद, त्यामुळे तिथली शिबिरंही बंद. हायवेवर मात्र गाड्यांची रीघ. मग 1 जूनला होड्या किनाऱ्याला लागतात, पाऊस सुरू होतो आणि डेंग्यूचे, लेप्टोचे रुग्ण वाढतात. डेंग्यूत काही जणांच्या प्लेटलेट धोक्याच्या पातळीखाली जातात, आणि त्या पाच दिवसांच्या आत कुणीतरी दिलेल्या असाव्या लागतात. पावसात घाटात दरड आली तर कोल्हापूरकडची वाट बंद होते. तेव्हा जिल्ह्यात जे असेल तेच हाताशी.

बाळंतपण आणि अपघाताखेरीज आणखी एक वर्ग आहे जो आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, जन्मभर. त्यांची गरज अचानक येत नाही, ती तारखेने येते.

पैसे देऊन रक्तदाते आणण्याची पद्धत आपल्या देशात एके काळी सर्रास होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून ती बंद झाली. आता रक्तपेढी जी रक्कम घेते ती पिशवी, तपासण्या आणि साठवणीच्या खर्चाची असते, रक्ताची किंमत म्हणून नसते. हे ठाऊक असलं की "आम्ही फुकट देतो आणि हे विकतात" हा राग थोडा निवळतो.

तुम्हाला देता येईल का

वय 18 ते 65. पहिल्यांदाच देत असाल तर 60 च्या आत. वजन किमान 45 किलो. हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त, बाई असो वा पुरुष. वरचा रक्तदाब 100 ते 140, खालचा 60 ते 90. पुरुषांनी दोन रक्तदानांमध्ये 90 दिवस ठेवायचे, बायकांनी 120.

वजनाची अट अनेकांना उगाचची वाटते. आमच्या वाडीतला 43 किलोचा मुलगा तर चिडला होता, "माझ्यात ताकद नाय काय?" म्हणून. ताकदीचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. बाईच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण 66 मिली रक्त असतं, पुरुषाच्या अंगात 76 मिली. किलोमागे 8 मिली काढलं तर शरीर ते सहज सोसतं. 45 ला आठाने गुणलं की 360 होतात, म्हणून 45 किलोच्या माणसाकडून 350 मिलीची पिशवी घेतात. 450 मिलीची मोठी पिशवी घ्यायची तर वजन 55 किलोच्या वर लागतं.

मधुमेह आहे म्हणून घरी बसू नका. पथ्याने किंवा गोळ्यांनी साखर आटोक्यात असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल तर रक्त देता येतं, इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, दाब आटोक्यात असेल आणि गेल्या 28 दिवसांत गोळ्या बदललेल्या नसतील तर चालतं. हृदयविकार, कॅन्सर, फिट येणं, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही यांत कायमची मनाई आहे.

मग काही कारणं अशी, की ज्यात फक्त थांबायचं असतं. आपल्याकडे नेहमी पडणारी तेवढी सांगते. मलेरिया होऊन पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने. डेंग्यू किंवा चिकुनगुनियानंतर सहा महिने. टायफॉइडनंतर एक वर्ष. कावीळ होऊन गेली असेल तर कधी आणि कुठल्या प्रकारची ते डॉक्टरांना सांगा, त्यावर ठरतं. दात काढला असेल तर सहा महिने. कुत्रा चावून रेबीजची इंजेक्शनं घेतली असतील तर एक वर्ष. पायात काटा किंवा गळ घुसून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं असेल तर 14 दिवस. साप चावून विषावरची लस टोचली असेल तर निदान 28 दिवस, आणि फुरसं आपल्या कातळावर किती आहे हे मी सांगायला नको. कुणकेश्वराच्या जत्रेत गोंदवून घेतलंत किंवा कान टोचलेत तर बारा महिने. हे शेवटचं तरुण मुलांना अजिबात ठाऊक नसतं. शिबिरात रांगेत उभं राहून मनगटावरच्या नव्याकोऱ्या टॅटूमुळे परत जाताना मी बरेच जण पाहिले आहेत.

बायकांसाठी: बाळंतपणानंतर वर्षभर, अंगावर पाजत असाल तोवर, गर्भपात झाला असेल तर सहा महिने, आणि पाळीच्या दिवसांत द्यायचं नसतं.

हिमोग्लोबिनपाशी अडलेल्यांसाठी

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मी स्वतः इथेच अडले होते.

वहिनीनंतर दोन महिन्यांनी मी मोठ्या उत्साहाने शिबिराला गेले. बोटाला सुई टोचली, नर्सताईंनी काचेच्या नळीत रक्त ओढलं आणि एका निळ्या पाण्याच्या भांड्यावर धरलं. ते पाणी म्हणजे मोरचुदाचं, ठरावीक घनतेचं द्रावण असतं. थेंब पडला. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब जड असतो, पंधरा सेकंदांत सरळ तळाला जातो. माझा थेंब अर्ध्यावर गेला, घुटमळला, आणि हळूहळू वर यायला लागला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग मशीनवर मोजलं तर 11.2.

"ताई, यावेळी नको. आधी स्वतःकडे बघा," नर्सताई म्हणाल्या.

मला लाज वाटली होती, तशी वाटायचं काही कारण नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं ते खायचं, उपासतापास आणि दिवसभर चहा, यात दुसरं काय होणार. पण त्या शिबिराने मला एक आकडा दिला, जो मला आधी ठाऊकच नव्हता. धाप लागते, संध्याकाळी पाय गळतात, त्याचं कारण वय असं मी धरून चालले होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, आणि जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही असं बजावलं. चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली की चांगली शोषली जाते. तुम्हीही गोळ्या मनाने सुरू करू नका, विचारून घ्या. उपकेंद्रात त्या मिळतात.

खाण्यात मी परकं काही आणलं नाही, जे आपलंच होतं ते परत ताटात आणलं. नाचणीची भाकरी रोज एक वेळ. कुळथाची पिठी, वर लिंबू पिळून. तांबडा माठ, शेवग्याचा पाला. आणि बाजारात आल्या की तिसऱ्या, कारण शिंपल्यांत लोह भरपूर असतं आणि मासे-मटणातलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा लवकर अंगी लागतं. आमच्या आजीला पटलं नव्हतं. "रगत दिलंस तर अंगात काय रवतला गो तुझ्या?" असं ती रोज म्हणायची, आणि म्हणता म्हणता माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

साडेतीन महिन्यांनी परत मोजलं, 12.9. दुसऱ्या वेळी थेंब निळ्या पाण्यात पडला आणि खड्यासारखा तळाला गेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा रक्त दिलं.

तेव्हा तुम्हाला परत पाठवलं तर नाराज होऊन घरी जाऊ नका. आकडा विचारून घ्या, कागदावर लिहून घ्या आणि जवळच्या डॉक्टरकडे जा.

कुठे जायचं

दोन वाटा आहेत. एक, थेट रक्तपेढीत. सिंधुदुर्गात ओरोसचं जिल्हा रुग्णालय, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, रायगडात अलिबागचं, इथे रक्तपेढ्या आहेत. कायद्याच्या भाषेत आता "रक्त केंद्र" म्हणतात, पण रक्तपेढी किंवा ब्लड बँक विचारलंत तरी कोणीही दाखवेल. एक घोळ टाळा: काही उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत "रक्तसाठवण केंद्र" असतं. तिथे मोठ्या रक्तपेढीतून आणलेलं रक्त ठेवतात, रक्तदान घेत नाहीत. एवढ्या लांबून जाणार असाल तर निघण्यापूर्वी फोन करून विचारा, आज रक्त घेता का, किती वाजेपर्यंत.

दुसरी वाट शिबिराची. गणपतीत, शिमग्याला, 15 ऑगस्टला, शाळा-कॉलेजांत, पतपेढ्यांच्या वर्धापनदिनाला शिबिरं होतात. पहिल्या वेळी शिबिर बरं पडतं, ओळखीची माणसं आजूबाजूला असतात. सरकारच्या ई-रक्तकोष या पोर्टलवर आणि अॅपवर जवळची रक्तपेढी आणि कुठल्या गटाचा किती साठा आहे ते बघता येतं.

मे महिन्यात आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना माझं एक सांगणं आहे. मुंबईत तुम्ही ऑफिसातल्या शिबिरात देता ते चांगलंच आहे, पण वर्षातून एकदा इथे द्या. ज्या दिवसांत तुमच्या गाड्यांनी आपला हायवे भरतो, त्याच दिवसांत इथल्या रक्तपेढीला सगळ्यात जास्त गरज असते.

आदला दिवस आणि ती सकाळ

आदल्या रात्री नीट झोपा, दारू घेऊ नका. शेवटच्या घोटापासून 24 तास गेलेले असावेत. रात्रपाळी करून थेट येऊ नका.

उपाशीपोटी येऊ नका. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं, कारण रक्त तपासायला उपाशी जायचं असतं ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. रक्तदान त्याच्या उलट. येण्यापूर्वी चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं हवं. पेज-पापड, घावणे-चटणी, भाकरी-भाजी, जे रोजचं असेल ते. फार तेलकट नको. आणि निघण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी, त्याने चक्कर यायची शक्यता कमी होते. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, ज्या दिवशी तुमचा उपास असेल त्या दिवशी जाऊ नका. देव एक दिवस थांबेल असं नाही म्हणत मी, तुम्ही एक दिवस थांबा.

खलाशी, माड-पोफळीवर चढणारे, एसटीचे आणि ट्रकचे ड्रायव्हर यांनी पुढच्या कामाच्या किमान 24 तास आधी रक्त द्यावं. म्हणजे सकाळी रक्त देऊन संध्याकाळी होडीवर जायचं नाही. होड्या बंद असतात त्या जून-जुलैत खलाश्यांना हे सगळ्यात सोपं जमतं.

ढिल्या बाहीचा कपडा घाला. आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र जवळ ठेवा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नाव आठवत बसायला नको.

फॉर्म खरा भरा

पहिल्यांदा एक फॉर्म देतात. त्यात आजारांचे, औषधांचे, शस्त्रक्रियांचे आणि लैंगिक संबंधांविषयीचेही प्रश्न असतात. शेजारी गावातली माणसं बसलेली असतात आणि संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. तरीही खरं लिहा. जंतुसंसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीचे काही दिवस कुठल्याही तपासणीत तो सापडत नाही. त्या दिवसांत आडवी येते ती फक्त तुमची खरी उत्तरं. लोकांसमोर बोलवत नसेल तर डॉक्टरांना बाजूला सांगा, ते तुम्हाला कारण न उघडता परत पाठवू शकतात. ही माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

एचआयव्हीची शंका आहे, रक्त दिलं की आपोआप तपासणी होईल, असा विचार कोणी करत असेल तर कृपा करून तसं करू नका. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत आणि गुप्तपणे होते, तिथे जा.

तपासणीत काही दोष निघाला तर कळवावं का, असंही फॉर्मवर विचारतात. हो म्हणा, आणि चालू असलेला फोन नंबर द्या.

खाटेवर

डॉक्टर वजन, नाडी, रक्तदाब बघतात, हिमोग्लोबिन होतं, मग खाटेवर आडवं व्हायचं. दंडाला पट्टा बांधतात, कोपराच्या आतली शीर शोधतात, जागा औषधाने नीट पुसून वाळू देतात. सुई आणि पिशवी एकच, जोडलेली, बंद पाकिटातली असते आणि एकदाच वापरतात. त्यामुळे रक्त दिल्याने तुम्हाला कुठला आजार लागू शकत नाही. हवं तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, कोणी रागावत नाही.

सुई नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड असते, हे मी लपवत नाही. आत जाताना एक चांगला चिमटा बसतो. फणसाचा काटा बोटाला लागतो त्याहून जास्त, गांधीलमाशीहून पुष्कळ कमी. मग दुखत नाही. हातात एक मऊ चेंडू देतात, तो हळूहळू दाबत राहायचा. पिशवी शेजारच्या छोट्या यंत्रावर पाळण्यासारखी डुलत असते, म्हणजे रक्त आतल्या औषधात मिसळतं आणि गोठत नाही. मी पहिल्यांदा तिकडे बघणार नव्हते, पण बघितलं. पिशवी गरम होत जाते, हात लावला तर कळतं. आपल्याच अंगाची ती ऊब बाहेरून हाताला लागली तेव्हा मला एकदम वहिनीचा तो दिवस आठवला.

पाच ते दहा मिनिटांत संपतं. शेवटी नळीतून तपासणीसाठी छोट्या बाटल्यांत थोडं रक्त घेतात.

कानात दडे बसल्यासारखं झालं, घाम फुटला, समोर अंधारी आली, तर तोंड दाबून सोसत बसू नका. लगेच सांगा. डोकं खाली, पाय वर केले की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं. पहिल्या वेळी असं काही जणांना होतं, धट्ट्याकट्ट्या पुरुषांनाही होतं.

उठल्यावर

टुणकन उठू नका. पाच मिनिटं पडून राहा, मग बसा, मग अल्पोपाहाराच्या टेबलाशी पंधरा-वीस मिनिटं थांबा. बिस्कीट, केळं, कोकम सरबत देतात ते घ्या. घरी गेल्यावर शहाळं मिळालं तर उत्तम, नाहीतर पाणी, पेज, कढी, काहीही पातळ, नेहमीपेक्षा जास्त. पट्टी चार-पाच तास ठेवा. बिडी-सिगारेट निदान तासभर नाही, दारू त्या दिवशी नाही. त्या हाताने त्या दिवशी घागर, आंब्याची पेटी, कुदळ उचलू नका. उन्हात उभं राहू नका, आणि आपल्या मे महिन्यात तर नकोच.

सुईच्या जागी काळंनिळं झालं तर पहिल्या दिवशी थंड पाण्याची पट्टी ठेवा. आठवडाभरात जातं. रक्त परत ओघळलं तर हात वर धरून जागा पाच मिनिटं दाबून ठेवा.

अंगातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं. तांबड्या पेशी भरायला चार ते सहा आठवडे लागतात, लोह त्याहून सावकाश. म्हणूनच ते 90 आणि 120 दिवस. आजीच्या प्रश्नाला मी शेवटी हेच उत्तर दिलं, की तशीही तांबडी पेशी अंगात चारच महिने जगते, मग मरते आणि नवी येते. ती म्हणाली, "मग दी."

रक्त देऊन आल्यावर एक-दोन दिवसांत ताप आला, किंवा फॉर्मवर सांगायचं राहिलेलं काही आठवलं, तर रक्तपेढीला फोन करा. ती पिशवी अजून कोणाला चढवलेली नसेल तर बाजूला काढता येते.

गटाविषयीही थोडं. तुमचा गट पक्का तपासून कार्डावर येतो, ते कार्ड जपून ठेवा. निगेटिव्ह गटाची माणसं आपल्या देशात शंभरात पाचच्या आसपास. तुम्ही त्यातले असाल तर रक्तपेढीत नाव-नंबर देऊन ठेवा. याहून दुर्मीळ एक गट आहे, बॉम्बे ब्लड ग्रुप. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. दहा हजारांत एखाद्याला असतो, साध्या तपासणीत ओ गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला ओ चं रक्तही चालत नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. हे अनेकदा कळतं ते रक्तदानाच्या वेळीच.

मंडळांसाठी दोन शब्द

शिबिर घेणारी मंडळं मनापासून राबतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एकाच दिवशी तालुक्यात तीन शिबिरं आणि पुढचे दोन महिने एकही नाही, असं होतं. पिशवीचं आयुष्य 35 दिवसांचं धरलं तर त्यातलं काही वाया जाण्याची भीती असते. तारीख ठरवण्यापूर्वी रक्तपेढीला विचारा, तुम्हाला कधी हवंय. ते सांगतील तो आठवडा घ्या, वाढदिवस आणि वर्धापनदिन मागेपुढे करता येतात. भेटवस्तूंवर खर्च करू नका. भेट मिळणार म्हटलं की माणूस फॉर्मवर आजार लपवतो. ते पैसे चांगला नाश्ता, पंखे आणि लांबच्या वाड्यांतून माणसं आणायला गाडी यावर घाला.

आणि शिबिराच्या दहा-पंधरा दिवस आधी वाडीत बायकांची हिमोग्लोबिन तपासणी ठेवा, आशाताईंना सांगून. ज्या अडतील त्यांना उपचार सुरू होतील, आणि पुढच्या शिबिराला त्या येतील. आमच्या वाडीत पहिल्या वर्षी आम्ही दोघी बायका होतो. गेल्या वेळी नऊ होतो, त्यात वहिनीही.

आता तारीख. घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढची तारीख लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. मी 10 फेब्रुवारीला दिलं तर 120 दिवसांनी 10 जून येतो, मग 8 ऑक्टोबर. पुरुषांना वर्षातून चार वेळा जमतं, आम्हाला तीन. त्या दिवशी संकष्टी येत असेल तर तारखेच्या पुढचा दिवस धरायचा, मागचा नाही, म्हणजे दिवस कमी भरत नाहीत.